शिक्षेचे माप आणि माफीचे माप

पुणे–सातारा महामार्ग भोर तालुक्यातून बाहेर पडताना सारोळ्यापाशी नीरा नदी ओलांडतो. पुलापलीकडे शिरवळ, म्हणजे सातारा जिल्हा. रात्रंदिवस ट्रक, टँकर आणि मोटारींचा आवाज ऐकत राहणाऱ्या अशा गावांना अपघात आणि त्यामागून येणारे पंचनामे नवे नसतात. ड्रायव्हरची बाजू त्यांना ठाऊक असते आणि रस्ता ओलांडताना गेलेल्या माणसाच्या घरचीही. त्यामुळे शिक्षा किती असावी, माफी कोणाला मिळावी या प्रश्नाचा आढावा घ्यायला ही जागा बरी.

२०२४ सालाने या प्रश्नाची दोन टोके साडेचार महिन्यांच्या अंतराने दाखवली. १ जानेवारीला देशभरातल्या ट्रकचालकांनी चाके थांबवली. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ (२) प्रमाणे, अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होणार होती. चालकांचे म्हणणे साधे होते : थांबलो तर जमाव जिवंत ठेवत नाही, पळालो तर दहा वर्षे आत. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दुसऱ्याच दिवशी सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी बोलणी केली आणि १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा हे एक कलम बाजूला ठेवले गेले. शिक्षा जास्त आहे म्हणून लोक रस्त्यावर आले आणि सरकार नमले, असे उदाहरण सहसा सापडत नाही.

मग १९ मे उजाडला. पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघांचाही जीव गेला. बाल न्याय मंडळाकडून त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींमध्ये एक अट होती रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची.

त्या निबंधाने जे केले ते अपघातानेही केले नव्हते. शाळेत दंगा केला म्हणून पाढे लिहायला लावावेत, तसा हा प्रकार लोकांना वाटला. पुण्यात निषेध म्हणून निबंध स्पर्धा भरवण्यात आली. पुढे ससून रुग्णालयात रक्ताचा नमुना बदलल्याचे उघड झाले, डॉक्टरांना अटक झाली, आणि लोकांच्या संशयाला पुरावा मिळाला. गंमत अशी की अल्पवयीन आरोपीला सुधारण्याची संधी द्यावी, कोठडीपेक्षा समुपदेशनावर भर द्यावा, हे आपल्याच संसदेने केलेल्या कायद्याचे तत्त्व. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ रोजी त्या मुलाला निरीक्षणगृहात डांबून ठेवणे बेकायदा ठरवून सोडले; त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली. कायद्याच्या बाजूने पाहिले तर यात अघटित काही नव्हते. लोकांचा सवाल वेगळाच होता : हाच मुलगा एखाद्या टेम्पोचालकाचा असता, तर रविवारी दुपारपर्यंत त्याच्यासाठी मंडळापुढे जामीन झाला असता का?

जानेवारीत शिक्षा कमी करा म्हणून गाड्या थांबल्या, आणि मे महिन्यात शिक्षा वाढवा म्हणून आरडाओरड झाली. याला लोकांचा दुटप्पीपणा म्हणता येईल. पण दोन्ही वेळा तक्रार एकच होती, ती मापाची. महाराष्ट्रातल्या गेल्या काही दशकांतल्या, आणि काही शतकांतल्याही, प्रकरणांवर नजर टाकली तर हेच पुन्हा पुन्हा दिसते. माणसे माफीला तितका विरोध करत नाहीत. माफी कोणाला मिळाली, कोणी दिली आणि ज्याचे गेले त्याला विचारले का, यावर ती चिडतात.

सारोळ्यापासून उत्तरेला, खेड शिवापूरच्या बाजूला, भोर तालुक्यातच रांझे गाव आहे. शिवाजी महाराजांच्या उपलब्ध पत्रांपैकी अगदी सुरुवातीच्या पत्रांत मोडणारे एक पत्र याच गावाबद्दल आहे, २८ जानेवारी १६४६ चे. गावचा पाटील बाबाजी भिकाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केला, चौकशीत ते शाबीत झाले, आणि त्याचे हातपाय तोडून त्याची पाटिलकी काढून घेण्यात आली. व्याख्यानांत, चित्रपटांत, व्हॉट्सॲपवर ही गोष्ट इथपर्यंतच सांगितली जाते. टाळ्या इथेच पडतात. पत्र मात्र इथे थांबत नाही. सोनजी नावाच्या त्याच्या गोतातल्या माणसाने या अपंग पाटलाला सांभाळण्याची तयारी दाखवली, तेव्हा होन भरून घेऊन त्याला सोनजीच्या हवाली केले गेले आणि पाटिलकीही सोनजीला दिली गेली. म्हणजे वतनदार असूनही शिक्षा चुकली नाही, आणि शिक्षेनंतर तो माणूस वाऱ्यावरही सोडला नाही. आजच्या मापाने ती शिक्षा क्रूर आहे, त्यात वाद नको. पण जे लोक ‘रांझ्याच्या पाटलासारखी शिक्षा द्या’ म्हणून फलक धरतात, त्यांनी त्या कागदाचा उत्तरार्धही वाचायला हरकत नाही.

पेशवाईने या प्रश्नाच्या दोन बाजू दोन नावांनी मागे ठेवल्या. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. त्यात रघुनाथरावांचा हात असल्याचे ठरवून रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. ते प्रायश्चित्त रघुनाथरावांनी घेतले नाही, हे सर्वांना माहीत आहे. तरी रामशास्त्र्यांचे नाव आजही न्यायाधीशाला दिलेले प्रशस्तिपत्र म्हणून वापरले जाते, कारण त्यांनी माप बदलले नाही. दुसरे नाव घाशीराम कोतवालाचे. १७९१ मध्ये त्याने कोंडून ठेवलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मेले. शहर खवळले, आणि अखेर कोतवालाला जमावाच्या ताब्यात देण्यात आले. जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. शिक्षा झाली, पण ज्या सत्तेने त्याला कोतवाल केले होते तिची चौकशी मात्र झाली नाही. जमावाच्या न्यायाची ही जुनी खोड आहे. एक माणूस संपतो आणि बाकीचे सुटतात.

ब्रिटिशांनी आणलेल्या ज्यूरीने लोकमताला थेट न्यायालयात खुर्ची दिली. तिचा गाजलेला प्रताप मुंबईतला. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, गोळ्या घातल्या आणि स्वतःहून पोलिसांत हजर झाले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. फसवला गेलेला सच्चा नौसैनिक अशी त्यांची प्रतिमा घरोघर पोचली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ म्हटले. न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली.

पुढचा भाग आढाव्याच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. त्याच सुमाराला भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही, आयात परवान्यांच्या प्रकरणात, माफी मिळाली. आहुजा सिंधी, नानावटी पारशी. एका समाजाला खूश करताना दुसरा दुखावू नये अशी ती तजवीज होती. पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. मृताची बहीण मेमी आहुजा हिची लेखी संमती मिळवण्यात आली होती. सत्तेने, पैशाने आणि वृत्तपत्रांनी माखलेल्या या प्रकरणातही, ज्या घरातले माणूस गेले त्या घराचा शब्द लागला. नंतरच्या अनेक माफ्यांत तेवढेही झाले नाही.

त्याच वर्षी पुण्यात काय घडले ते पाहा. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप भोगणारे गोपाळ गोडसे ऑक्टोबर १९६४ मध्ये सुटले. शिक्षेतली सूट हा कैद्याचा हक्क आहे का, यावर त्यांचाच खटला १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला होता. जन्मठेप म्हणजे उरलेले सगळे आयुष्य, वीस वर्षे नव्हेत. सूट द्यायची की नाही ते सरकारने ठरवायचे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. वकिलांना आजही तो निकाल तोंडपाठ असतो. सुटकेनंतर १२ नोव्हेंबरला पुण्यात पूजा आणि सत्कार झाला. त्या समारंभात लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी कटाची आपल्याला आधीच कल्पना होती असे बोलून टाकले. देशभर गदारोळ उठला, गोडसे पुन्हा स्थानबद्ध झाले, केतकरांनाही अटक झाली आणि त्यातून पुढे कपूर आयोग नेमला गेला. सुटकेवर लोक फारसे बोलले नव्हते. हारतुऱ्यांवर बोलले. इथे एक नोंद करून ठेवावी : नथुरामची फाशी रद्द करावी, अशी विनंती करणाऱ्यांत गांधीजींचे मुलगे मणिलाल आणि रामदास होते. ज्यांचे वडील गेले ते माफी मागत होते, आणि सरकारने ती दिली नाही.

हाराचा हा प्रसंग अठ्ठावन्न वर्षांनी दुसरीकडे पुन्हा घडला. बिल्किस बानो प्रकरणाचा खटला गुजरातमधून मुंबईत हलवला गेला होता आणि मुंबईच्या विशेष न्यायालयाने २००८ मध्ये अकरा जणांना जन्मठेप दिली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्यांना शिक्षेत सूट देऊन सोडले. तुरुंगाबाहेर पेढे वाटले गेले, हार पडले. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला कोणी विचारले नव्हते. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. कारण तांत्रिक वाटेल, पण आपल्याशी संबंधित आहे : खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्राचा होता, गुजरातचा नव्हे.

पुण्याने माफीचा आणखी एक प्रकार जवळून पाहिला आहे, तो माफीच्या साक्षीदाराचा. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात शहरात एकामागून एक दहा खून झाले. जोशी आणि अभ्यंकर ही घराणी त्यात गेली. संध्याकाळ झाली की पेठांतली दारे लागत. त्या पिढीचे पुणेकर कडी-कोयंडा लावताना अजून त्याची आठवण काढतात. आरोपी निघाले अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली. गुन्ह्यात सामील असलेल्या एकाला सोडून बाकीच्यांना लटकवायचे, हा सौदा पुण्याने त्या वेळी मुकाट्याने मान्य केला. भीतीपुढे तत्त्वाचे काही चालले नाही.

ऑगस्ट १९९४ मध्ये पौड रस्त्यावर राठी कुटुंबातले सात जण मारले गेले. त्यांत गर्भवती स्त्री होती, लहान मुले होती. याही खटल्यात एक जण माफीचा साक्षीदार झाला आणि दोघांना फाशी सुनावली गेली. त्यातल्या एकाचे नाव आणि वय पोलिसांच्या कागदांत चुकीचे पडले होते. राजस्थानातल्या त्याच्या शाळेचा दाखला अखेर ग्राह्य धरला गेला आणि २७ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ, त्यातला मोठा भाग फाशीच्या छायेत काढून, तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला. बालगुन्हेगार म्हणून त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे ठेवता आले असते. पोर्शे प्रकरणात वय सतरा म्हणून जे लोक भडकले, त्यांनी या साडेबारा वर्षांच्या मुलाचे नावही ऐकलेले नसेल. त्याच्यासाठी कोणी निबंध स्पर्धा भरवली नाही.

जातीचे माप याहून बोचरे. १३ जुलै २०१६ रोजी अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले. मागण्यांत आरोपींना फाशी होती आणि ॲट्रॉसिटी कायद्यात बदल हवा, हीसुद्धा होती, कारण आरोपी दलित होते. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली आणि न्यायालयाबाहेर जल्लोष झाला. त्याच्या सहाच दिवस आधी, २३ नोव्हेंबरला, त्याच जिल्ह्यातल्या खर्डा गावच्या दलित मुलाच्या खुनाचा निकाल लागला होता. २०१४ मध्ये उच्चजातीय मुलीशी बोलल्याच्या संशयावरून त्या शाळकरी मुलाला मारण्यात आले होते. साक्षीदार एकेक करून फितूर झाले आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. एका जिल्ह्याने एका आठवड्यात हे दोन निकाल पचवले. दोन्ही गावांत मुले गेली होती, दोन्हीकडे आई-बाप रडत होते; मोर्चाची गर्दी मात्र एकाच बाजूला होती.

खैरलांजीचाही हिशेब इथेच मांडावा लागतो. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या या गावी भोतमांगे कुटुंबातले चौघे जमावाने मारले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली. नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी ती पंचवीस वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. फाशी कमी झाली याचे दुःख अनेकांना होतेच. त्याहून मोठी चीड होती ती या निकालांत ॲट्रॉसिटी कायदा लागू न झाल्याची. किती वर्षांची शिक्षा झाली, यापेक्षा कशाबद्दल झाली हे मोलाचे असते, हे दलित चळवळीने तेव्हा स्पष्ट बोलून दाखवले. न्यायालयीन चर्चेत हा मुद्दा अजून पुरेसा पोचलेला दिसत नाही.

कधी माफी कोणी देतच नाही, ती फायलीतून आपोआप गळते. कोल्हापूरच्या रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींनी लहान मुले पळवून, चोरीसाठी वापरून, नकोशी झाल्यावर मारल्याचे सिद्ध झाले. पाच बालकांच्या खुनांबद्दलची त्यांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेचे अर्ज मंत्रालय आणि दिल्ली यांच्यात फिरत राहिले आणि २०१४ मध्ये फेटाळले गेले. या प्रवासाला सात वर्षे दहा महिने लागले, आणि तेवढ्या दिरंगाईमुळे १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने फाशी जन्मठेपेत बदलली. गहुंजे इथे २००७ मध्ये कॉल सेंटरला निघालेल्या तरुणीवर तिला नेणाऱ्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला होता. त्या दोघांची फाशीची तारीख २४ जून २०१९ ठरली होती. विलंबाच्याच कारणावरून ती टळून पस्तीस वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

न्यायालये इथे बरोबर आहेत. रोज दार वाजले की आज आपला नंबर, अशा धास्तीत माणसाला वर्षानुवर्षे ठेवणे ही वेगळीच शिक्षा आहे. पण लोकांच्या संतापातही तथ्य आहे : फाईल कोणत्या टेबलावर किती महिने पडून होती, याची शिक्षा त्या टेबलामागच्या माणसाला कधीच होत नाही.

फाईल वेगाने हलते तेव्हाही लोकांना ते दिसते. संजय दत्त शस्त्रास्त्र कायद्याखाली झालेल्या पाच वर्षांच्या शिक्षेतला उरलेला भाग भोगायला २०१३ मध्ये गेला आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी आठ महिने आधी येरवड्यातून सुटला. मधल्या काळात संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे बोलीभाषेत फर्लो आणि पॅरोल, मिळून शंभराहून अधिक दिवस तो बाहेर होता. उच्च न्यायालयाला सुटकेत नियमबाह्य काही आढळले नाही. चांगल्या वर्तनाची सूट प्रत्येक कैद्याला असते हेही खरे. पण येरवड्यातल्या बाकीच्या कैद्यांच्या घरच्यांनी, ज्यांचे बापाच्या तेराव्यासाठीचे रजेचे अर्ज अडकून पडतात, ते दिवस बोटांवर मोजले असतील. सलमान खानचे तसेच. २००२ च्या अपघाताबद्दल ६ मे २०१५ रोजी पाच वर्षांची शिक्षा, त्याच दिवशी हंगामी जामीन, आणि डिसेंबरमध्ये निर्दोष मुक्तता. वांद्र्यात बेकरीबाहेर फुटपाथवर झोपलेला जो माणूस गेला, त्याच्या नावाने कोणी घोषणा दिल्या नाहीत.

माप जुळत नाही असे वाटले की लोक ते स्वतःच्या हाती घेतात. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात, भर कोर्टरूममध्ये, कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला तिखटाची पूड आणि चाकूंनी संपवले. वर्षानुवर्षे वस्तीतल्या बायकांवर अत्याचार करणारा हा माणूस पुन्हा जामिनावर सुटणार, अशी त्यांची धास्ती होती. अटक झाली तेव्हा शेकडो बायका ‘आम्हीच मारले’ म्हणत पुढे आल्या. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. या बायकांना दोष देताना जीभ अडखळते, आणि अडखळावी. बदलापूरची गोष्ट तशी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचारानंतर लोकांनी रेल्वे रोखली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळीने मेला. पेढे वाटले गेले, ‘बदला पुरा’ असे फलक लागले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पुढे त्या मृत्यूबद्दल पाच पोलिसांवर ठपका ठेवला. कस्तुरबानगरच्या बायकांमागे पोलीस नव्हते, म्हणून त्यांनी चाकू उचलला. बदलापुरात खटला उभा राहण्याआधीच तो गुंडाळला गेला, आणि शाळेने तक्रार का दडपली या प्रश्नावरचे लक्ष उडाले. घाशीरामच्या वेळचेच हे.

असे असताना मराठी मुलखाने एक उलटा प्रयोगही केला आहे आणि तो टिकला आहे. औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना भिंतीशिवाय, कुलपाशिवाय ठेवायचे, त्यांनी शेती करायची, असे ठरले. त्याच माणदेशातले ग. दि. माडगूळकर यांनी त्यावर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. बर्लिनमध्ये त्याचा गौरव झाला. औंध संस्थान विलीन झाले, वसाहत राहिली. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि आजूबाजूच्या गावांनी त्यांना सांभाळून घेतले आहे. कारण उघड आहे. तिथली माफी कोणी मंत्रालयातून गुपचूप दिलेली नाही, ती रोज शेतात घाम गाळताना सगळ्यांना दिसते. २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेने येरवड्यात कैद्यांसाठी ‘जिव्हाळा’ कर्ज योजना सुरू केली, पन्नास हजारांपर्यंतची. तिच्यावर कोणी काहूर माजवले नाही.

गावपातळीवरही माफीची रीत होती आणि आहे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे वाद चावडीवर मिटू लागले, गावांना बक्षिसे मिळाली. चार माणसांपुढे चूक कबूल करणे, नुकसान भरून देणे, पुन्हा लग्नकार्यात एका पंगतीला बसणे, याला ग्रामीण माणूस न्यायच म्हणतो. पण या चावडीचे गुणगान फार करू नये. ‘आपसात मिटवा’ हे सांगितले जाते ते बहुधा दुबळ्याला. जातपंचायतींनी बायकांना आणि आंतरजातीय लग्न करणाऱ्यांना दिलेल्या शिक्षा पाहून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. २०१७ पासून तो लागू आहे.

लोक खरोखर किती कठोर असतात, याचे काही मोजमाप बाहेरच्या देशांत झाले आहे. कॅनडात १९८० च्या दशकात अँथनी डूब आणि ज्युलियन रॉबर्ट्स यांनी एकाच खटल्याची माहिती दोन गटांना दिली. एका गटाला वर्तमानपत्रातली बातमी, दुसऱ्याला न्यायालयातला तपशील. बातमी वाचणाऱ्यांना शिक्षा फार सौम्य वाटली. तपशील वाचणाऱ्यांना तशी वाटली नाही. ऑस्ट्रेलियातल्या तास्मानियात केट वॉर्नर आणि सहकाऱ्यांनी खरोखरच्या खटल्यांत बसलेल्या ज्यूरी सदस्यांना, न्यायाधीशाने शिक्षा सांगण्याआधी, तुम्ही किती दिली असती असे विचारले. निम्म्याहून अधिक जणांनी न्यायाधीशापेक्षा सौम्य शिक्षा सुचवली. न्यायाधीशाची शिक्षा कळल्यावर नव्वद टक्क्यांनी ती योग्य असल्याचे म्हटले.

आपल्याकडे ज्यूरी उरली नाही. मुंबईतल्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणातल्या तिघांची फाशी नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द करून मरेपर्यंत जन्मठेप देताना मुंबई उच्च न्यायालयाने, निकाल लोकक्षोभावर देता येत नाही, असे स्पष्ट केले. ते योग्यच. मग लोकांच्या वाट्याला उरतात मोबाइलवरचे मथळे. त्याला तोड म्हणून निदान दोन गोष्टी सरकार उद्यापासून करू शकते : शिक्षेत सूट देण्याच्या प्रत्येक आदेशाची कारणे मराठीत प्रसिद्ध करणे, आणि तो आदेश निघण्यापूर्वी पीडिताच्या घरी नोटीस पोचवून त्यांचे म्हणणे लिहून घेणे. मेमी आहुजाला १९६४ मध्ये जे मिळाले ते मावळातल्या शेतकरी बाईला मिळायला अडचण नसावी.

तिसरी गोष्ट वाचकाच्या हातात आहे. सारोळ्याहून महामार्गाने कापूरहोळ, तिथून आत वळले की भोर. गावात न्यायालय आहे. चोरीचे, मारामारीचे, अपघाताचे खटले तिथे चालतात. एखाद्या दिवशी सकाळी जाऊन मागच्या बाकावर बसावे आणि एक प्रकरण पुकारा होण्यापासून तारीख पडेपर्यंत पूर्ण ऐकावे. खटले खुल्या न्यायालयात चालतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.